लहान सण आणि घरातले टप्पे: साजरे करण्याची आमची रीत

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर दुधाचा हिशेब असतो, गॅसची टाकी कोणत्या तारखेला लावली त्याची खूण असते, आणि गेल्या बारा वर्षांपासून त्याच चौकोनांत तांबड्या शाईने आणखीही काही लिहिलेले असते. ‘धाकट्याने बुटाची नाडी स्वतः बांधली.’ ‘मोतीबिंदू काढल्यावर आईंनी सुईत दोरा ओवला.’ ‘घराचा शेवटचा हप्ता भरला.’ गणपती आणि दिवाळी यांची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही, कारण त्यांच्यासाठी सुट्टी असते आणि आमच्या सोलापुरात नव्या पेठेतली गर्दीच ती आठवण देते. मात्र भोगी, रथसप्तमी, दिव्यांची अवस आणि चंपाषष्ठी यांसारखे लहान सण, तसेच पंचांगात ज्यांना नावच नाही असे घरातले टप्पे, कोणीतरी ठरवून धरल्याशिवाय हातून निसटतात. माझे पती टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातात आणि मी घरी शिवणकाम करते. दोघांच्याही हाताशी वेळ थोडा असताना हे दिवस कसे धरता येतात, त्याची आमच्याकडे बसलेली रीत येथे सविस्तर सांगत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सगळे सण धरू नयेत. नवी दिनदर्शिका घरात आली की एका संध्याकाळी सर्वांनी ती मध्ये ठेवून बसावे आणि वर्षातले आठ-नऊ दिवसच निवडावेत. निवडताना त्या दिवसाचे माहात्म्य किती, यापेक्षा तो करण्याची हौस घरात कोणाला आहे, हे पाहावे. कारण ज्याने दिवस निवडला त्यानेच त्या दिवसाची तयारी करायची, हा आमच्या घरातला सर्वांत उपयोगी नियम आहे. हा नियम नसेल तर नऊ सणांचे ओझे स्वयंपाकघरातल्या एकाच बाईच्या खांद्यावर पडते आणि दोन वर्षांत ती रीत मोडते. सासूबाईंनी दिव्यांची अवस घेतली, पतींनी भोगी घेतली, मुलीने कोजागरी घेतली आणि धाकट्याने, त्याला हुरडा आवडतो म्हणून, वेळा अमावास्या, म्हणजे शेतात जाऊन जेवायचा सण, मागून घेतली.

प्रत्येक दिवसाला एक पदार्थ आणि एक कृती ठरवून द्यावी आणि दरवर्षी तीच करावी. आषाढी अमावास्येचे उदाहरण घ्या. अलीकडे हा दिवस ‘गटारी’ या नावाने ओळखला जातो, आणि मुलांच्या कानावर तेच नाव पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून आम्ही घरात त्याला दिव्यांची अवसच म्हणतो. आदल्या दिवशी घरातले सगळे दिवे, म्हणजे समया, निरांजने, लामणदिवा, वीज गेल्यावर काढायचा कंदील, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडले जातात आणि मुले ते चिंचेने घासतात. दुसऱ्या दिवशी पाटाभोवती रांगोळी काढून ते लावले जातात. पदार्थ एकच असतो: गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे दिवे, जे मोदकांसारखे वाफवून, वर तुपाची धार सोडून गरम गरम खायचे. याहून अधिक काही करायचे नाही. पुरणही घालावे आणि भजीही तळावीत असा मोह होतो, तो आवरावा; एक पदार्थ असला की तो मुलांच्या जिभेवर बसतो आणि त्या दिवसाची ओळख होऊन जातो. चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगा, रथसप्तमीला गॅलरीत तुळशीपाशी बोळक्यात उतू घातलेले दूध, नारळी पौर्णिमेला नारळीभात, एवढे पुरेसे आहे.

कोजागरीच्या रात्री आटवलेल्या दुधाबरोबर घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळण्याची पद्धत आहे, तिला आश्विनी म्हणतात. बऱ्याच घरांतून दूध राहिले आणि ओवाळणे गेले. ते परत आणावे, कारण थोरल्या मुलाच्या वाट्याला वर्षभर ‘तू मोठा आहेस ना, समजून घे’ हेच येत असते.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. पतींची दुसरी पाळी असते तेव्हा ते मध्यरात्रीच्या सुमारास घरी येतात, आणि सण तर संध्याकाळचा असतो. आम्ही यावर असा तोडगा काढला की पूजा तिथीला, जो घरी असेल त्याने करावी. पण गोडाचा घास आणि औक्षण मात्र सगळे जमतील तेव्हाच करावे, मग तो दुसऱ्या दिवशीचा सकाळचा नऊचा सुमार का असेना. अर्ध्या तासाच्या वर वेळ लागता कामा नये. त्या अर्ध्या तासात फोन दुसऱ्या खोलीत असतात आणि दूरदर्शन बंद असते, एवढी शिस्त आम्ही पाळतो.

औक्षण कसे करावे हे पूर्वी सांगावे लागत नसे, आता सांगावेसे वाटते. तबकात हळदीकुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, तुपाचे निरांजन आणि साखर किंवा पेढा ठेवावा. ज्याला ओवाळायचे त्याला पाटावर बसवून कपाळी कुंकू लावावे, डोक्यावर अक्षता टाकाव्यात, आधी अंगठी-सुपारीने आणि मग निरांजनाने ओवाळावे, आणि शेवटी तोंडात साखर घालावी. आम्ही यात एकच भर घातली आहे. साखर घालण्यापूर्वी ओवाळणाऱ्याने त्या माणसाने काय केले ते एका वाक्यात, मोठ्याने, नाव घेऊन सांगायचे. ‘काल तू पहिल्यांदा एकटा गिरणीतून दळण घेऊन आलास.’ यापुढे ‘शाबास’ नाही, ‘असाच मोठा हो’ नाही. मुलाला स्वतःचे काम दुसऱ्याच्या तोंडून जसेच्या तसे ऐकू येते आणि त्याची मान आपोआप ताठ होते. ओवाळण्याचे काम बायकांचेच असेही आमच्याकडे नाही. बाबा लेकीला ओवाळतात आणि नातू आजीला ओवाळतो. ज्या घरात औक्षणाची चाल नाही त्यांनी आपल्या घरची दुसरी कोणतीही कृती घ्यावी, पण ते एक वाक्य सोडू नये.

आता टप्प्यांविषयी. आपल्या परंपरेत बारसे आहे, उष्टावण आहे, जावळ आहे, बोरन्हाण आहे. म्हणजे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत त्याच्या बारीकसारीक वाढीचा सोहळा होतो आणि त्यानंतर एकदम परीक्षेचा निकालच उरतो. ही मधली पोकळी घरानेच भरायची असते. टप्पा कोणता मानावा, यासाठी आम्ही एकच कसोटी लावतो: करणाऱ्याला ते काम जड गेले होते काय? वर्गात पहिला येणे हे हुशार मुलाला जड जात नाही; पण गणिताला घाबरणाऱ्या मुलाने महिनाभर रोज अर्धा तास उदाहरणे सोडवली, तर तो टप्पा आहे, मग गुण कितीही मिळोत. सायकलचा तोल सापडणे, अंधाऱ्या खोलीत एकट्याने झोपणे, बँकेत जाऊन स्वतः पैसे भरून येणे, भांडलेल्या मैत्रिणीकडे आपण होऊन बोलायला जाणे, हे सगळे या कसोटीत बसते.

आमच्याकडचा सर्वांत आठवणीतला टप्पा भाकरीचा आहे. मुलगी चौदा वर्षांची असताना तिने ज्वारीची भाकरी शिकायला घेतली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळते पाणी घालून ते तळहाताने रगडून रगडून मळावे लागते; तसे मळले नाही तर थापताना कडा फाटतात. तिच्या पहिल्या सात-आठ भाकऱ्या परातीतून उचलतानाच तुटल्या. नवव्या दिवशी भाकरी अख्खी तव्यावर पडली, तिने वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आल्यावर उलटली, आणि विस्तवावर धरल्यावर ती भाकरी एका बाजूने हळूहळू वर आली आणि गोल फुगली. आम्ही त्या भाकरीचे पाच तुकडे केले. शेंगाचटणी, दही आणि तो एकेक तुकडा, एवढाच सोहळा झाला. त्या दिवशीच्या चौकोनात तिने स्वतः लिहिले आहे, ‘फुगली.’

याच मुलीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली होती, ती सांगितली पाहिजे. ती सहावीत असताना, स्वभावाने फार बुजरी असूनही, शाळेत पहिल्यांदा व्यासपीठावर उभी राहून बोलली. मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळी वीस-पंचवीस जणांना बोलावले, केक आणला आणि सर्वांसमोर तिला तेच भाषण पुन्हा करायला सांगितले. ती एक वाक्य बोलली, थांबली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. त्यानंतर कित्येक महिने तिने शाळेतली एकही गोष्ट आम्हाला आपण होऊन सांगितली नाही. तेव्हापासून आम्ही आधी विचारतो: ‘हे कोणाला सांगू?’ मूल म्हणाले की फक्त आजीला, तर फक्त आजीला सांगायचे. नातेवाइकांच्या गटावर छायाचित्र टाकण्यापूर्वी तर हे विचारलेच पाहिजे.

मोठ्या माणसांचे टप्पे आपण हमखास विसरतो. सासूबाईंनी चाळीस वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, हातात कात्री, आणि दिवसाचे माप हजार विड्यांचे. या कामावर त्यांनी दोन मुलांची शिक्षणे केली. एके दिवशी बोटे साथ देईनात म्हणून त्यांनी सूप भिंतीला टेकवून ठेवले आणि पुन्हा हातात घेतले नाही. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्या माणसाला हार मिळतो, नारळ मिळतो. त्यांना घरात कोणी काही विचारलेही नाही. आठ महिन्यांनी मुलीने विचारले, ‘आजी, तू काम सोडलंस तो दिवस कोणता होता?’ तारीख त्यांना नेमकी ठाऊक होती. आम्ही त्याच आठवड्यात त्यांना पाटावर बसवले, त्यांच्याबरोबर विड्या वळणाऱ्या तीन मैत्रिणींना चहाला बोलावले, आणि त्या चौघी दोन तास जुन्या दिवसांविषयी तेलुगूत आणि मराठीत बोलत राहिल्या. आता दसऱ्याला माझ्या शिवणयंत्राशेजारी त्यांची कात्रीही पूजेला असते. घरात सुतारकाम, माग, रिक्षा, नोकरी, काहीही थांबले असेल, तर तो थांबण्याचा दिवस धरावा, आणि उशीर झाला असला तरी धरावा.

वयाच्या टप्प्यांसाठी पंचांगाचा चांगला उपयोग होतो. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून तिथीचा वाढदिवस दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातो. पण १९ वर्षांनी तिथी आणि तारीख, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने, पुन्हा एकत्र येतात. म्हणून १९, ३८, ५७ आणि ७६ हे वाढदिवस आम्ही विशेष मानतो आणि जन्माच्या वर्षीचे पंचांग कोणाकडे असेल तर मागून आणून मुलांना दोन्ही नोंदी दाखवतो. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही मुलांकडून करून घेण्यासारखा आहे: वर्षात साधारण सव्वाबारा ते साडेबारा पौर्णिमा येतात, त्यामुळे हजारावी पौर्णिमा ८० वर्षे १० महिन्यांच्या आसपास पडते. आजीच्या त्या पौर्णिमेला अजून किती महिने आहेत, हे धाकटा दर कोजागरीला मोजतो.

सोलापुरात राहणाऱ्यांना जानेवारीचा दुसरा आठवडा आयताच मिळालेला आहे. संक्रांतीच्या सुमारास ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत त्यांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि भक्त सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, घेऊन शहरातून फिरतात, आणि संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक विवाह, होतो. लहान मुलांना घेऊन थेट मुख्य गर्दीत शिरण्याचा अट्टाहास करू नये. मिरवणुकीच्या वाटेवर ओळखीचे घर गाठावे, मुलांच्या मुठीत आधीच अक्षता द्याव्यात, आणि काठी जवळ आली की बाराबंदीच्या गाठी आणि काठीवरची सजावट त्यांना नीट दाखवावी. घरी भोगीची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. पती पहाटेच मंडईतून वाल, घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे ओले घाटे आणतात, आणि भाज्या निवडायला सर्वांनी बसायचे असते. शेजारच्या कानडी घरातून एळ्ळु-बेल्ल, म्हणजे त्यांचे तीळ-गूळ, येते, आमच्याकडून तिळगूळ जातो.

भोगीच्या एक-दोन दिवस आधी येणारी १२ जानेवारी ही तारीख आम्ही अलीकडे धरू लागलो. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला होता, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या दिवशी सकाळी मुलांना चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी न्यावे, चारही नावे त्यांच्याकडून वाचून घ्यावीत आणि परत यावे. वीस मिनिटे लागतात. गोडधोड या दिवशी आम्ही करत नाही.

मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला स्वतःचे शेत नसेल तर ओळखीच्या शेतकऱ्याला आधी विचारून जावे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात त्या दिवशी परक्यालाही आग्रहाने पंगतीत बसवतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि मग भज्जी (मिश्र भाजी), आंबिल, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर यांचे जेवण होते. मात्र रिकाम्या हाताने जाऊ नये. आम्ही घरून खिरीसाठी गूळ नेतो आणि जेवण झाल्यावर भांडी घासायला हात लावतो, कारण त्या शेतकरणीचाही तो सणच असतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू वस्त्यांत बतुकम्मा हा फुलांचा सण असतो तेव्हा सासूबाई मुलांना तरवडाची आणि झेंडूची फुले रचायला बसवतात. शेजाऱ्यांचा सण असा हात लावून केला की तो आपलाही होतो.

खर्चाची मर्यादा आधीच ठरवावी. आम्ही एका दिवसाला दोनशे रुपयांच्या वर जात नाही, आणि भेटवस्तू देत नाही. वस्तू आली की पुढच्या वेळी मूल वस्तूकडेच पाहते.

घरात कोणी गेले असेल तर वर्षभर सण धरत नाहीत. आमच्या सासऱ्यांच्या नंतरचे वर्ष असेच होते. त्या वर्षी गोड केले नाही, दारात मोठी रांगोळी काढली नाही, पण धाकट्याचा दुधाचा दात पडला तेव्हा त्याने तो मुठीत धरून विचारले, ‘आता लिहायचं नाही का?’ आम्ही लिहिले. दुःखाच्या वर्षात पदार्थ थांबवावा, पण नोंद आणि ते एक वाक्य थांबवू नये. लहान मुलांची वाढ दुखवट्यासाठी थांबत नाही. पहिल्या सणाला नातलग गोड घेऊन येतात आणि दुखवटा काढतात, तेव्हा त्यांना अडवू नये.

वर्ष संपले की जुनी दिनदर्शिका रद्दीत घालू नये. तांबड्या नोंदी असलेली पाने सुटी करून दोऱ्याने बांधावीत, आणि त्यांपैकी पुन्हा धरायच्या तारखा नव्या दिनदर्शिकेत लगेच, त्याच संध्याकाळी, उतरवाव्यात. उद्यावर टाकल्या की राहतात.

आता मुलगी शिक्षणासाठी पुण्याला असते. तिच्या कोजागरीची तयारी ती तिकडून करते: दुधात काय घालायचे ते सांगते, आणि आम्ही तबक फोनच्या पडद्यासमोर धरून तिला ओवाळतो. साखर मात्र फोनमधून देता येत नाही, म्हणून चार दिवस आधी पुण्याला जाणाऱ्या कोणाबरोबर तरी डबा पाठवतो. त्यात कडक भाकरी असते, उखळात कुटलेली शेंगाचटणी असते, कारण ती पंधरा-वीस दिवस सहज टिकते, आणि कागदाच्या पुडीत चमचाभर साखर असते. ती पुडी तिने ओवाळून होईपर्यंत उघडायची नाही, असे ठरलेले आहे.